बॅटरीला पाणी घालायचं कुणी?

घरातली काही कामं अशी असतात, की ती कुणी करायची हे कधी कुणी ठरवलेलं नसतं. दुधाचा हिशेब माझ्याकडे, गॅसचा नंबर लावायचा ह्यांनी, तुळशीला पाणी सासूबाईंनी. तसं आमच्या घरी इन्व्हर्टरच्या बॅटरीला पाणी घालायचं काम आप्पांचं, म्हणजे माझ्या सासऱ्यांचं. पंधरा वर्षांपूर्वी लग्न होऊन दापोलीला आले तेव्हापासून मी ते पाहत होते.

आप्पांची सगळी नोकरी एस.टी.च्या डेपोत इलेक्ट्रिशियन म्हणून झाली. गाड्यांच्या बॅटऱ्यांशी त्यांची उभ्या जन्माची ओळख! दर महिन्याचा पहिला रविवार आला की ते एक जुनापुराणा सुती शर्ट चढवायचे (आम्ल उडालं तर चांगल्या कपड्याला भोकं पडतात), प्लास्टिकचं नरसाळं आणि डिस्टिल्ड वॉटरची बाटली घेऊन जिन्याखाली बसायचे. सहाही बुचं उघडून पाणी बघायचे, हवं तेवढंच घालायचे, टोकांवरची पांढरी बुरशी खायच्या सोड्याच्या पाण्याने पुसायचे आणि वर व्हॅसलीनचा हात फिरवायचे. मी नवीन असताना एकदा जिन्याखाली उदबत्ती खोचली, तर केवढ्यांदा ओरडले! मग शांतपणे म्हणाले, "सूनबाई, चार्जिंग होताना ह्यातून हायड्रोजन निघतो. पेटता वायू तो. इथे निखारा नको."

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं. आमच्या आळीत वीज यायला तीन आठवडे लागले. तेव्हा आप्पांनीच पुढाकार घेऊन गच्चीवर १६५ वॉटची दोन सौर पॅनेलं बसवून घेतली. म्हणजे वीज नसली तरी उन्हावर बॅटरी भरायची.

ही बॅटरी म्हणजे आमच्याकडे नुसती पंख्याची सोय नव्हे. सासूबाईंची फुप्फुसं अधू झाली आहेत. विडी नाही, तंबाखू नाही. चाळीस वर्षं चुलीपुढे बसून भात उकडले, पेज शिजवली, त्या धुराने ही वेळ आणली असं डॉक्टर म्हणाले. २०२२ पासून त्यांना रात्रभर ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर लागतो. हे यंत्र खोलीतल्या हवेतूनच प्राणवायू वेगळा काढतं आणि नळीने नाकाशी पोचवतं. सिलिंडरसारखा तो संपत नाही, पण वीज मात्र सतत हवी. आणि कोकणातला पाऊस नि वीज ह्यांचं नातं तुम्हाला मी काय सांगणार?

२०२४ च्या जुलैतली गोष्ट. रात्री एक वाजता वीज गेली. नेहमीप्रमाणे इन्व्हर्टर सुरू झाला म्हणून मी कूस बदलली. वीस मिनिटांत दिवा मिणमिणायला लागला, इन्व्हर्टर टीं टीं करत ओरडला आणि सगळं बंद! सासूबाई उठून बसल्या. त्यांचं ते श्वासासाठी खांदे उचलणं मी कधी विसरणार नाही. जपून ठेवलेला सिलिंडर होता, पण त्याची चावी कुठे? ह्यांनी टॉर्च धरला, मी सगळे खण उपसले, शेवटी ती मुलाच्या कंपासपेटीमागे सापडली. पहाटेपर्यंत सिलिंडरवर निभावलं.

सकाळी आप्पांनी बुचं उघडली. दोन घरांत पाणी पार खाली, आतल्या प्लेटा उघड्या पडलेल्या. अशा उघड्या पडून वाळलेल्या प्लेटांवर शिशाचा क्षार घट्ट बसतो, मग कितीही पाणी घाला, बॅटरी पहिल्यासारखी होत नाही. आप्पा जिन्याच्या पायरीवर बसून राहिले. बऱ्याच वेळाने म्हणाले, "मला ती लाल रेघ हल्ली दिसतच नाही गं." मोतीबिंदू! आम्हा कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं. कुणी त्यांना एक शब्द बोललं नाही, पण त्या दिवशी ते जेवले नाहीत.

सप्टेंबरमध्ये त्यांचं डोळ्याचं ऑपरेशन झालं. दुकानदाराने तात्पुरती एक वापरलेली बॅटरी दिली होती, तिच्यावर दिवस काढत होतो. नवी घ्यायची तर होतीच, पण पाणी घालणं आता दुसऱ्या कुणीतरी बघावं, हे आप्पांना सांगायचं कुणी? ह्यांनी तो विषय माझ्यावर ढकलला, मी ह्यांच्यावर.

अशात दिवाळी आली. माझा भाऊ दरवर्षी भाऊबीजेला पुण्याहून येतो. ह्या वेळी स्वारी एक कॅम्पर गाडी घेऊन आली. तीत झोपायला बाकं, छोटा फ्रिज, ओटा, पंखा, सगळं. गाडी त्याच्या ओळखीच्या एका मुलाची, तोच चालवणारा. भाऊ म्हणाला, "ताई, तुझी भाऊबीज झाली. आता तुझ्या सासूबाईंची करू या."

सासूबाईंचे भाऊ गुहागरजवळच्या खेड्यात असतात. ऐंशी वर्षांचे, अंथरुणाला खिळलेले. दोन वर्षं बहीणभावांची भेट नव्हती, कारण तिथे रात्री विजेचा भरवसा नाही आणि यंत्राशिवाय सासूबाईंना रात्र काढता येत नाही. मी म्हटलं, "अरे, पण यंत्राचं काय?" तो गाडीवाला मुलगा म्हणाला, "वहिनी, यंत्रामागची पाटी बघून वॉट सांगा." मी बघून सांगितले. त्याने मनात गुणाकार केला आणि म्हणाला, "रात्र निघेल. उलट उरेल." तरीही आम्ही सिलिंडर बरोबर घेतला, आणि चावी माझ्या पदराला बांधली!

दाभोळला फेरीबोटीत गाडी चढवली, खाडी ओलांडून धोपाव्याला उतरलो. बोटीत सासूबाई खिडकीशी बसून खाडीकडे बघत होत्या. माहेरी पोचल्यावर गाडी खळ्यात लावली, गाडीतून वायर काढून खिडकीतून माजघरात घेतली आणि यंत्र भावाच्या खाटेशेजारी लावलं. बहिणीने भावाला ओवाळलं. दोघं म्हातारी रात्री उशिरापर्यंत कुणाकुणाच्या आठवणी काढत होती. सकाळी उठून बघतो तर शेजारी विचारतायत, "रात्री तीन तास वीज नव्हती, तुमचं कसं झालं?" आम्हाला पत्ताच नव्हता!

आप्पा मात्र भल्या पहाटे उठून त्या मुलाच्या मागे लागले होते. त्याने बाकाची फळी उचलून दाखवली. चपलांच्या खोक्यांहून थोडे मोठे असे चार डबे! आधी तिथे शिशाच्या दोन बॅटऱ्या होत्या. एकेक उचलायला दोन माणसं लागायची. आताच्या लिथियमच्या, एकेक जेमतेम बारा किलोची. आप्पांनी चष्मा वर करून चारी बाजूंनी पाहिलं आणि विचारलं, "पाणी कुठून घालायचं?"

"पाणी लागतच नाही, आजोबा."

आप्पा काही बोलले नाहीत. मला मात्र त्यांचा चेहरा बघवेना.

तो मुलगा मोकळा होता. आपल्या चुकाही त्याने सांगितल्या. पहिल्यांदा त्याने नुसत्या बॅटऱ्या बदलल्या, बाकी सगळं जुनंच ठेवलं. लिथियमची बॅटरी वीज फार हावरटासारखी ओढते. गाडीच्या इंजिनवर वीज करणारा अल्टरनेटर तिला भरता भरता तापला आणि जळाला! मग त्याने मध्ये एक वेगळा चार्जर बसवला, जो ठराविक वीजच पुढे सोडतो. छतावरच्या पॅनेलच्या कंट्रोलरचंही तसंच. तो शिशाच्या बॅटरीवर लावलेला होता, तो लिथियमवर लावून घ्यावा लागला. "बॅटरी बदलणं म्हणजे नुसता डबा बदलणं नव्हे, वहिनी," तो म्हणाला, "तिला भरणारी सगळी माणसं बदलावी लागतात."

घरी आल्यावर मी वही घेऊन बसले. मी बी.ए.ला मराठी घेतलेली, शाळेतही तासिका तत्त्वावर मराठीच शिकवते. पण घरखर्चाचा हिशेब जिला येतो तिला हाही येतो, मैत्रिणींनो, खरंच! बॅटरीवर व्होल्ट आणि अँपिअर-अवर हे दोन आकडे असतात, त्यांचा गुणाकार म्हणजे तिच्यात मावणारी वीज. आमची जुनी १२ व्होल्ट, १५० अँपिअर-अवरची, म्हणजे १,८०० वॉट-अवर. पण शिशाची बॅटरी निम्म्याखाली रिकामी केली की तिचं आयुष्य भराभर घटतं, म्हणून हाताशी ९०० च. त्यातली सुमारे १५ टक्के इन्व्हर्टरमध्येच जाते. यंत्राला ३०० वॉट, एक पंखा आणि दोन दिवे मिळून ५०, असे ३५० धरले तर बॅटरी कोरी करकरीत असतानाही दोन तासांच्या थोडंच वर. लिथियमची १२.८ व्होल्ट, १०० अँपिअर-अवरची एक म्हणजे १,२८०. दोन घेतल्या तर २,५६०. ह्यातली ९० टक्के वापरली तरी तिला काही होत नाही. गणित साडेपाच तासांवर आलं. मी दोनदा ताडून पाहिलं.

पण भीती होतीच. २०२२ साली विजेच्या स्कूटर पेटल्याच्या बातम्या सगळ्यांनीच वाचल्या होत्या. सासूबाईंच्या खोलीच्या भिंतीपलीकडे असली वस्तू ठेवायची? मग वाचून काढलं. लिथियमच्या बॅटऱ्या एका जातीच्या नसतात. घरासाठी घ्यायची ती लिथियम आयर्न फॉस्फेटची. ती इतर जातींपेक्षा तापायला आणि पेटायला पुष्कळ कमी धजते, टिकतेही जास्त. हा पदार्थ बॅटरीत चालतो हे अमेरिकेतल्या टेक्सास विद्यापीठात जॉन गुडइनफ ह्यांच्या प्रयोगशाळेत दिसून आलं. १९९७ च्या त्या शोधनिबंधावर पहिलं नाव अक्षय पाधी ह्यांचं आहे. लिथियम-आयन बॅटरीच्या कामासाठी गुडइनफना आणखी दोघांबरोबर २०१९ चं नोबेल मिळालं, तेव्हा त्यांचं वय ९७ होतं! हे मी मुद्दाम आप्पांना ऐकू जाईल अशा बेताने वाचलं. आप्पा शहात्तर वर्षांचे. पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "सत्त्याण्णव? म्हणजे आम्ही पोरंच की."

तरी त्यांचं मन वळेना. एके दिवशी म्हणाले, "शिशाची बॅटरी बोलते, सूनबाई. दमली की दिवा मंद करते, पंखा हळू करते. आपल्याला कळतं. ही तुमची बॅटरी शेवटपर्यंत तशीच जळत राहणार आणि एकदम डोळे मिटणार. मुकी आहे ती."

मी त्यांना उत्तर द्यायला गेले आणि गप्प झाले, कारण ते खरं होतं! लिथियमच्या बॅटरीचा व्होल्टेज जवळजवळ शेवटपर्यंत एकसारखा राहतो. आत बी.एम.एस. नावाचा एक पहारेकरी असतो. बॅटरी फार रिकामी झाली, फार भरली किंवा फार तापली की तो तिला एकदम तोडतो. दिवा मिणमिणून सूचना मिळत नाही. म्हणून तारेत एक मोजणारा तुकडा बसवून वेगळा मॉनिटर लावावा लागतो. किती वीज आत गेली, किती बाहेर आली हे मोजून तो शिल्लक टक्के दाखवतो. मी म्हटलं, "आप्पा, तुम्ही म्हणता ते बरोबर आहे. मॉनिटर लावला तरी तो बघायला माणूस लागणारच."

ते थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "आकडे मोठे दिसतात ना त्यावर?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी कपाटातून आपल्या एफ.डी.ची पावती काढून ह्यांच्या हातात दिली. निम्मे पैसे त्यांचे, निम्मे माझ्या रिकरिंगचे. पाटल्यांसाठी साठवत होते, त्या राहिल्या. सगळं मिळून ८२,००० रुपये झाले. तात्पुरती बॅटरी परत करून शिशाचीच नवी आणली असती तर पाचव्या हिश्शात भागलं असतं, हे खोटं कशाला सांगू? पण जुलैची रात्र मी पाहिली होती.

जानेवारी २०२५ मध्ये काम झालं. आमच्या जुन्या इन्व्हर्टरला लिथियमची सोय नव्हती. तो शिशाच्या बॅटरीला अधूनमधून १५ व्होल्टच्याही वर दाब देऊन तिची सगळी घरं सारखी भरायचा. लिथियमची १४.४ च्या आसपास भरते, तिला असला दाब दिला तर बी.एम.एस. तोडून टाकतो. म्हणून इन्व्हर्टर बदलला, पॅनेलचा कंट्रोलर बदलला. पॅनेलं तीच राहिली. बसवणारा मुलगा दोन्ही बॅटऱ्या थेट जोडायला निघाला, तर आप्पांनी हात धरला! "आधी दोन्ही वेगवेगळ्या पूर्ण भर. एक भरलेली, एक रिकामी अशी जोडलीस तर एकीतली वीज दुसरीत धावेल." मुलगा चपापला. बॅटरीच्या अधिक टोकाजवळच फ्यूज हवा, वायर जाड हवी, हेही त्यांनीच सांगितलं. डेपोतला इलेक्ट्रिशियन त्या दिवशी मी प्रथमच पाहिला.

तुमच्याही घरी असा विचार चालू असेल तर माझ्या अनुभवाच्या चार गोष्टी सांगते. आधी खर्च कमी करा, मग बॅटरी वाढवा. आमच्या जुन्या पंख्याला ७५ वॉट लागायचे, नव्या बी.एल.डी.सी. पंख्याला ३० च्या आसपास पुरतात. प्रत्येक वस्तूमागची पाटी वाचून स्वतः बेरीज करा, दुकानदाराच्या तोंडी हिशेबावर जाऊ नका. शिशाची जुनी बॅटरी भंगारवाल्याला देऊ नका. तो ती फोडतो, आम्ल जमिनीत जातं आणि शिसं विषारी असतं. दुकानदार ती परत घेतो, वर पैसेही देतो. २०२२ च्या नियमांप्रमाणे जुन्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवरच टाकलेली आहे. आणि घरात ऑक्सिजनचं यंत्र असेल तर बॅटरी कितीही चांगली असो, डॉक्टरांच्या सल्ल्याने एक भरलेला सिलिंडर ठेवाच. आमच्या सिलिंडरची चावी आता त्याच्याच गळ्यात सुतळीने बांधलेली आहे.

२०२५ साली पाऊस मे महिन्यातच आला. एका रात्री साडेअकराला वीज गेली. मी दचकून उठले. सासूबाई शांत झोपलेल्या, यंत्राचा घुर्र घुर्र आवाज चालू. जिन्याखाली उजेड दिसला म्हणून गेले तर आप्पा स्टुलावर बसलेले, मांडीवर वही. म्हटलं, "अहो आप्पा, झोपा ना, ती चालते आपोआप." म्हणाले, "तू झोप. तुला सकाळची शाळा आहे." साडेतीनला वीज आली. सकाळी मी वही पाहिली. अर्ध्या अर्ध्या तासाने आकडे लिहिलेले, शेवटचा ३६ टक्के. त्यापुढे लाल पेनने लिहिलं होतं, 'सूनबाईचा हिशेब बरोबर.'

परीक्षेत पहिल्या आलेल्या मुलीसारखी मी ती वही ह्यांना नेऊन दाखवली!

पहिल्या रविवारी तो जुना शर्ट अजून बाहेर निघतो. आता त्यात आप्पा गच्चीवर जाऊन पॅनेलं पुसतात, बॅटरीचे नट घट्ट आहेत का बघतात. आणि सासूबाईंच्या यंत्राला हवा ओलसर ठेवणारी एक छोटी बाटली असते. तिच्यातलं पाणी डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे रोज बदलावं लागतं, उकळून गार केलेलं. पूर्वी ते मी बदलायची. एक दिवस बघते तर बाटली धुऊन, रेघेपर्यंत बरोबर भरून लावलेली. मी काही विचारलं नाही.

पाणी घालायचं काम आमच्याकडे अजून आप्पांचंच आहे.